हरलेल्या लढाईचा जमाखर्च

एकास एकशेवीस. हे प्रमाण कर्जाचे नाही की व्याजाचे नाही. १९४३ साली ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जे सैन्य जपान्यांशी झुंजत होते, त्या सैन्यातले हे प्रमाण आहे. शत्रूच्या माऱ्याने जखमी होऊन मागे आणावा लागणारा शिपाई एक, आणि हिवताप, हगवण, जंगलातले नाना ज्वर यांनी लोळागोळा होऊन मागे आणावे लागणारे शिपाई एकशेवीस! एकट्या हिवतापाचा वार्षिक दर एकूण सैन्यसंख्येच्या ८४ टक्के होता. शंभरातले चौऱ्याऐंशी वर्षभरात तापाने आडवे. आघाडीवर तर त्याहून अधिक. शत्रूने नुसते हात बांधून वाट पाहिली असती, तरी काही महिन्यांत हे सैन्य आपोआप विरघळून गेले असते.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका नव्या सेनापतीने या सैन्याची सूत्रे हाती घेतली. पुढे ‘चौदावी आर्मी’ म्हणून ते ओळखले गेले. या सेनापतीचे नाव विल्यम जोसेफ स्लिम. त्याने नकाशाइतकेच बारकाईने हे आकडे पाहिले. माझे उभे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले. फुगवलेला ताळेबंद आणि खरा ताळेबंद यांतला फरक ओळखण्यावरच आमची भाकरी होती. म्हणूनच की काय, दोन्ही महायुद्धांतल्या सेनापतींविषयी जे काही वाचले, त्यात मनात ठाण मांडून बसला तो हा स्लिम. आपल्या पराभवाचा जमाखर्च त्याने आधी स्वतःपुढे आणि मग जगापुढे चोख मांडला. एखादी रक्कम मागेपुढे केली नाही, की आपली तूट दुसऱ्याच्या खात्यावर टाकली नाही.

युद्धपट पाहिलेल्यांना माँटगोमेरी ठाऊक असतो, रोमेल ठाऊक असतो. स्लिम सहसा ठाऊक नसतो. खरे म्हणजे आपल्याला तो अधिक जवळचा असायला हवा, कारण त्याने जे सैन्य लढवले, ते मुख्यतः आपल्याच माणसांचे होते.

कारकून ते कप्तान

स्लिमचा जन्म ६ ऑगस्ट १८९१ चा, इंग्लंडातल्या ब्रिस्टलचा. वडील लोखंडी सामानाचे व्यापारी. धंदा बसला आणि कुटुंब बर्मिंगहॅमला आले. दोन मुलांपैकी एकालाच विद्यापीठात पाठवण्याची ऐपत होती. थोरला वैद्यक शिकायला गेला. धाकट्या बिलने काही काळ प्राथमिक शाळेत पोरे हाकली आणि १९१० पासून लोखंडी नळ्या बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी धरली. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत हीच गोष्ट किती वेळा घडली असेल! एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याने नोकरी धरायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

त्या काळच्या ब्रिटिश सैन्यात अधिकारी व्हायचे तर घराणे लागे आणि पगाराबाहेरचा घरचा पैसाही लागे. स्लिमकडे दोन्ही नव्हते. विद्यापीठाचा विद्यार्थी नसतानाही तो तिथल्या लष्करी प्रशिक्षण तुकडीत कसाबसा शिरला. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि अधिकाऱ्यांची निकड भासू लागली. एरवी बंद राहिले असते ते दार उघडले, आणि २२ ऑगस्टला हा तेवीस वर्षांचा कारकून रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट झाला.

पुढच्याच वर्षी गॅलिपोली. तुर्कस्तानच्या त्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर ऑगस्ट १९१५ मध्ये सारी बैरच्या लढाईत त्याला गोळी लागली. जखम इतकी गंभीर होती, की हा पुन्हा रणांगणावर जाईल असे डॉक्टरांना वाटले नव्हते. मात्र त्याच टेकड्यांवर त्याने सहाव्या गुरखा पलटणीला लढताना पाहिले आणि मनाशी ठरवून टाकले, की आपण राहायचे तर या माणसांत राहायचे. बरा होऊन तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेला. १९१७ मध्ये तिथे पुन्हा जखमी झाला. ‘मिलिटरी क्रॉस’ मिळाला आणि उपचारांसाठी त्याला हिंदुस्थानात पाठवण्यात आले.

युद्धानंतर तो हिंदी सैन्यात दाखल झाला. त्यात गुरख्यांचे प्रेम होतेच, पण एक साधा हिशेबही होता. हिंदी सैन्यात निव्वळ पगारावर गुजराण करता येत असे. १९२० मध्ये सहाव्या गुरखा रायफल्समध्ये त्याची नेमणूक झाली. तो गुरखाली शिकला, उर्दू शिकला. क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात गेला. १९२६ साली लग्न झाले, पुढे दोन मुले झाली आणि पगार पुरेना. मग या गृहस्थाने काय करावे? नियतकालिकांना गोष्टी विकायला सुरुवात केली! टोपणनाव घेतले ‘अँथनी मिल्स’. ‘स्लिम’ची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की ‘मिल्स’ होते. लेखनाच्या मानधनावर घरखर्चाची तोंडमिळवणी करण्याची धडपड मराठी लेखकाला काही वेगळी समजावून सांगायला नको. या लेखणीघाशीने त्याचे एक भले केले. साध्या, गाळीव वाक्यांत खरे सांगायची सवय त्याच्या हाताला लागली. तिचा उपयोग पुढे तीस वर्षांनी झाला.

बढती मात्र कासवाच्या पावलांनी येत होती. पलटणीचे नेतृत्व मिळाले तेव्हा सत्तेचाळिशी आली होती. १९३९ मध्ये तो वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या शाळेचा प्रमुख झाला. ही शाळा आपल्या बेळगावची, मराठा पलटणींचे घर असलेल्या त्याच बेळगावची. निवृत्तीची वाट चालू लागलेला एक मध्यम दर्जाचा हिंदी सैन्याधिकारी, एवढीच तेव्हाची त्याची ओळख होती. त्याच सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्याला दहाव्या हिंदी ब्रिगेडची सूत्रे मिळाली.

दोन पराभव

सेनापती म्हणून स्लिमची पहिलीच लढाई फसली. नोव्हेंबर १९४० मध्ये सुदान आणि अॅबिसिनियाच्या सीमेवरचा गॅलाबातचा किल्ला त्याने इटालियनांकडून घेतला. पलीकडच्या मेतेम्मावर मात्र त्याला जाता आले नाही. रणगाडे बंद पडले, इटालियन विमानांनी झोडपून काढले आणि एका तुकडीची पांगापांग झाली. पुन्हा चढाई करावी की माघार घ्यावी, असा प्रश्न उभा राहिला. त्याने माघार घेतली. शत्रूचीही तितकीच त्रेधा उडाली होती, हे नंतर कळले. आणखी एक धक्का दिला असता तर मेतेम्मा पडले असते.

सबबी हव्या तेवढ्या होत्या. विमाने नव्हती, सुटे भाग नव्हते, माणसे नवखी होती. पण या प्रसंगाविषयी लिहिताना स्लिमने स्पष्ट म्हटले आहे, की सबबी पुष्कळ सापडतील, कारण मात्र एकच आणि ते म्हणजे मी स्वतः. दोन वाटा समोर असताना आपण कमी धाडसाची निवडली, हे त्याने नोंदवून ठेवले. पुढे १९४१ च्या जानेवारीत एरिट्रियात विमानाच्या माऱ्यात तो जखमी झाला. बरा झाल्यावर दहाव्या हिंदी डिव्हिजनचे नेतृत्व करीत इराक, सीरिया, इराण असा फिरला. आणि मार्च १९४२ मध्ये त्याला अचानक ब्रह्मदेशात बोलावण्यात आले.

तोवर तिथे सगळे हातचे गेले होते. फेब्रुवारीत सितांग नदीवरचा पूल आपल्याच सैन्याने उडवला होता, डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडच्या काठावर असताना! त्याच सितांगच्या लढाईत सॅम माणेकशा नावाचा एक तरुण कप्तान पोटात गोळ्या लागून मरता मरता वाचला. ८ मार्चला रंगून पडले. स्लिमच्या हाती आली ती ‘बर्मा कोअर’, म्हणजे थकलेल्या, कुमक तुटलेल्या, डोक्यावर विमानांचे छत्र नसलेल्या दोन डिव्हिजन. येनांगयाऊंगच्या तेलविहिरी त्याने स्वतःच्या आज्ञेने पेटवून दिल्या. सुमारे ९०० मैलांची ही पीछेहाट ब्रिटिश सैन्याच्या इतिहासातली सर्वांत लांब पीछेहाट मानली जाते. त्याच्या अलीकडे-पलीकडे, त्याच रस्त्यांनी आणि त्याहून वाईट वाटांनी ब्रह्मदेशातले लाखो हिंदी लोक, मजूर, कारकून, दुकानदार, बायाबापड्या आणि लेकरे पायी मायदेशाकडे निघाली होती. त्यांतली हजारो वाटेतच गेली. त्यांची नेमकी मोजदाद कुणीच ठेवली नाही.

मे महिन्यात, पाऊस कोसळू लागलेला असताना ही फौज इंफाळला पोहोचली. कपड्यांच्या चिंध्या झालेल्या, अंगात ताप, तरी खांद्यावर बंदूक आणि रांगा धरून. एका टेकडीवर उभे राहून स्लिमने ती माणसे जाताना पाहिली. तिथे त्यांच्यासाठी ना तंबू होते, ना पांघरुणे. पराभूतांचे स्वागत कोण करणार?

वही मिटून नव्याने सुरुवात करावी, झाले गेले विसरून जावे, असा सल्ला आपण एकमेकांना नेहमी देतो. स्लिमने उलट केले. आपण का हरलो याची त्याने कलमवार यादी मांडली. आपण रस्त्यांना चिकटून बसलो, जपानी मात्र जंगलातून वळसा घालून पाठीशी आले. ते पाठीशी दिसताच आपण माघार घेत राहिलो. आपल्याकडे बातमी नव्हती. आणि सर्वांत मोठे म्हणजे जपानी अजिंक्य आहे हे आपल्याच माणसांनी मनोमन मान्य केले होते. या यादीत त्याने स्वतःची नोंदही सोडली नाही. माझ्याकडून जे अपेक्षित होते ते मी केले नाही, अशा अर्थाचेच त्याने लिहिले.

गोळ्या, तांदूळ आणि ताग

मग रांचीच्या परिसरात नव्या शिक्षणाला सुरुवात झाली. जपानी आपल्या पाठीशी आला, तर आपण वेढले गेलो असे न समजता तो आपल्या तावडीत सापडला असे समजावे, हा त्याचा पहिला धडा होता. सैन्यात लढणारे आणि न लढणारे असा भेद नाही, आचारी आणि कारकून यांनीही गस्त घालावी, हा दुसरा. प्रारंभी छोट्या छोट्या चकमकी आणि त्याही हमखास जिंकता येतील अशाच. गमावलेला विश्वास माणसाला एकदम परत देता येत नाही, हप्त्याहप्त्याने द्यावा लागतो, हे या माणसाला पक्के ठाऊक होते.

मध्यंतरी त्याचीच नोकरी जायची वेळ आली. अराकानची पहिली मोहीम इतरांच्या आखणीने कोसळत असताना, १९४३ च्या वसंतात ती त्याच्या गळ्यात घालण्यात आली. मोहीम फसली तेव्हा वरिष्ठ जनरल अर्विनने खापर त्याच्यावर फोडायचे ठरवले. पण फासे उलटे पडले आणि अर्विनलाच पदावरून हटवण्यात आले. तुम्हाला नव्हे, मलाच काढले आहे, असे अर्विनने स्लिमला कळवले, ही हकीकत प्रसिद्ध आहे.

ऑक्टोबरात चौदाव्या आर्मीची सूत्रे आली आणि त्याबरोबरच तो एकास एकशेवीसचा आकडाही. स्लिमने तो लपवला नाही आणि त्यावर उसासेही टाकले नाहीत. तोवर हिवतापाच्या रोग्याला शेकडो मैल मागे हिंदुस्थानातल्या इस्पितळात धाडत. तो परतेपर्यंत महिनेच्या महिने जात. आता आघाडीपासून थोड्याच मैलांवर तंबूंत उपचारकेंद्रे निघाली आणि माणूस काही आठवड्यांतच पलटणीत परतू लागला. मेपाक्रीन नावाची पिवळी गोळी रोज घ्यायची असे. तिने कातडी पिवळी पडे, आणि तिने पुरुषत्व जाते अशी वदंता पसरल्याने शिपाई ती गुपचूप थुंकून टाकीत. स्लिमने अवचित रक्ततपासण्या सुरू केल्या. पंचाण्णव टक्क्यांहून कमी माणसांच्या रक्तात औषध सापडले, की त्या पलटणीचा प्रमुख घरी! असे तीन प्रमुख घरी गेले. चौथा पाठवायची वेळ आली नाही. १९४५ पर्यंत रोजच्या आजाऱ्यांचे प्रमाण हजारी एकाच्या आसपास आले. या विजयासाठी एकही तोफ डागावी लागली नाही.

आघाडीवरची कुठलीही तुकडी अर्ध्या शिध्यावर आली, की स्लिम आपल्या मुख्यालयालाही अर्ध्या शिध्यावर आणी. त्यामुळे रसद पोहोचवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कामाला चांगली गती येत असे! डोंगराळ मुलखात तुटलेल्या तुकड्यांना विमानातून शिधा टाकायचा, तर हवाई छत्र्या हव्यात. रेशमी छत्र्या विलायतेहून येण्याचे नाव नव्हते, कारण युरोपातल्या आघाड्यांचा मान पहिला. मग कलकत्त्याच्या तागगिरण्यांना विचारण्यात आले. गोणपाटाच्या पोटजातीतल्या कापडाच्या छत्र्या तयार झाल्या. माणसाला उतरवण्याच्या कामाच्या त्या नव्हत्या, पण तांदळाच्या पोत्याला पुरेशा होत्या. रेशमी छत्रीला वीस पौंडांच्या वर खर्च येई. ही तागाची छत्री एका पौंडाच्या आसपास पडे. चिखलाच्या रस्त्यांवर डांबरात बुडवलेले तागाचे पट्टे अंथरले गेले. अराकानात दगड नव्हता, तर रस्त्याच्या कडेने वीटभट्ट्या लावून विटांचा रस्ता केला गेला. जे नाही त्याचे रडगाणे न गाता जे आहे त्यात भागवायचे. आपल्या घराघरांतल्या बायका महिन्याच्या अखेरीस जे करतात, तेच हे सैन्य करीत होते.

दोन सेनापतींचे दोन हिशेब

मार्च १९४४ मध्ये जपानच्या पंधराव्या आर्मीने इंफाळ आणि कोहिमावर मोठी चढाई केली. तिचा सेनापती मुतागुची. त्याने आपल्या डिव्हिजनांना सुमारे तीन आठवड्यांची शिदोरी दिली. पुढचे अन्न इंग्रजांच्या कोठारांतून मिळेल हे त्याने गृहीत धरले होते. हाताखालच्यांनी शंका काढल्या, त्या त्याने झिडकारल्या. हातात न आलेली रक्कम जमेत धरून खर्च मांडणारा असा माणूस प्रत्येक व्यवसायात भेटतो.

स्लिमने आपल्या डिव्हिजना इंफाळच्या मैदानात मागे घेऊन, शत्रूला त्याच्या तळापासून दूर ओढून लढायचे ठरवले होते. योजना बरोबर होती, पण तिच्यातही दोन चुका झाल्या आणि त्या त्यानेच पुढे लिहून ठेवल्या. पुढच्या तुकड्यांना मागे बोलावण्याचा निर्णय वेळेवर झाला नाही. आणि कोहिमावर शत्रूची फार तर एक रेजिमेंट येईल हा अंदाज साफ चुकला. आली ती अख्खी डिव्हिजन. कोहिमाच्या टेकडीवर पंधराशेच्या आसपास लढवय्ये, आणि समोर जवळजवळ दहापट शत्रू.

ही चूक जीवघेणी ठरली नाही, याचे श्रेय स्लिमने आपल्याकडे घेतले नाही, शिपायांना दिले. त्या शिपायांत आपली माणसे होती. उखरुलजवळच्या सांगशाक खेड्यात २२ ते २६ मार्च या काळात छत्रीधारी ब्रिगेडच्या गुरखा व हिंदी तुकड्या आणि पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीची चौथी पलटण वेढली गेली होती. टेकडीवर पाणी नव्हते. विमानांतून टाकलेली बरीचशी रसद शत्रूच्या हद्दीत पडत होती. तरीही या माणसांनी जपान्यांना अडवून धरले, आणि त्या मोलाच्या दिवसांत कोहिमाची थोडीफार तयारी झाली. सांगशाकचे नाव आपल्या किती पाठ्यपुस्तकांत आहे?

कोहिमा टिकले. अराकानातून एक अख्खी डिव्हिजन विमानाने इंफाळला आणण्यात आली. २२ जूनला इंफाळची वाट मोकळी झाली. जुलैत मुतागुचीची मोहीम बंद पडली तेव्हा त्याच्या सुमारे ८५,००० माणसांपैकी ५३,००० च्या आसपास माणसे मेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली होती. मेलेल्यांतले कितीतरी भुकेने आणि रोगाने गेले होते. एका सेनापतीने पोळीभाताचा हिशेब मांडला होता, दुसऱ्याने तो मांडणे कमीपणाचे मानले होते. त्या डिसेंबरात व्हाइसरॉय वेव्हेलने इंफाळलाच स्लिमला ‘सर’ केले.

पुढच्या मोहिमेत मात्र गॅलाबातचा धडा कामी आला. जपानी इरावतीच्या पलीकडे सरकले आहेत हे दिसताच स्लिमने ठरलेली योजना मोडली. मंडालेवर हल्ल्याचा देखावा ठेवला आणि एक कोअर गुपचूप रानावनातून दक्षिणेकडे पाठवली. आधीच्या ठिकाणी खोट्या बिनतारी संदेशांचा रतीब चालूच ठेवला. चिंदविनवर कालेवा येथे १,१५४ फुटांचा बेली पूल बांधला गेला. १४ फेब्रुवारी १९४५ रोजी न्याऊंगूपाशी इरावती ओलांडली. ३ मार्चला मेइक्टिला पडले आणि जपान्यांच्या रसदीची मानच सापडली. २० मार्चला मंडाले, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात रंगून. या खेपेला दोन वाटांपैकी अधिक धाडसाची त्याने निवडली होती.

कोणाचे सैन्य, कोणाचा विजय?

इथे मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न आल्यावाचून राहणार नाही. यायलाच हवा. हा विजय कोणाचा? या मोहिमेत लढलेल्या तेरा डिव्हिजनांपैकी आठ हिंदी, तीन आफ्रिकी आणि दोनच ब्रिटिश होत्या. न्याऊंगूच्या पैलतीरावर आझाद हिंद सेनेच्या नेहरू ब्रिगेडचे जवान गुरबक्षसिंग धिल्लन यांच्या नेतृत्वाखाली उभे होते. म्हणजे इरावतीच्या दोन्ही काठांवर आपलीच माणसे होती. एक काठ इंग्रजाच्या मिठाला जागत होता, दुसरा स्वातंत्र्याच्या हाकेला. त्याच धिल्लनांवर, शहानवाझ खान व प्रेमकुमार सहगल यांच्यासह, नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात खटला चालला आणि सारा देश हलला. स्लिमच्या ग्रंथात आझाद हिंद सेनेचा उल्लेख येतो तो उपरेपणाने, काहीसा तुच्छतेनेच. इतरत्र इतका समतोल असलेला हा माणूस, पण ही माणसे कशासाठी उठली हे समजून घेण्याची आच त्याला लागली नाही.

आणखी एक खाते आहे. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली. हा आकडा तीस लाखांपर्यंत सांगितला जातो. जपानी येतील या धास्तीने लष्करी धोरण म्हणून बंगालच्या किनाऱ्यावरच्या हजारो नावा काढून घेण्यात आल्या होत्या. दुष्काळाची जबाबदारी एकट्या सेनापतीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. पण चौदाव्या आर्मीच्या विजयाचा पूर्ण ताळेबंद मांडायचा, तर हे पान त्याला जोडावेच लागते.

आणि जमेच्या बाजूला? याच युद्धात हिंदी अधिकाऱ्यांनी पलटणी लढवल्या. स्लिमच्या अखत्यारीतून वेगळ्या काढलेल्या अराकानच्या आघाडीवर, १९४५ च्या आरंभी कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. थिमय्या, एल. पी. सेन आणि आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. तिघांनाही ‘डीएसओ’ मिळाले. स्वतंत्र भारताच्या सेनेचे नेतृत्व या पिढीने केले. याच थोरातांनी पूर्व विभागाचे प्रमुख असताना, १९६० च्या सुमारास ईशान्य सीमेवरच्या चिनी धोक्याचा आकडेवार हिशेब वर पाठवला होता. तो वाचून त्यावर वेळीच कृती झाली असती, तर १९६२ चे चित्र वेगळे दिसले असते, असे जाणकार मानतात. खरा ताळेबंद मांडणे जितके अवघड, तितकेच तो वाचणेही.

शेवटची पाने

रंगून घेतल्यावर काही दिवसांतच स्लिमला त्याच्याच आर्मीवरून दूर करण्याचा घाट वरिष्ठ जनरल लीसने घातला. स्लिमने आदळआपट केली नाही. निवृत्त होतो, एवढेच सांगितले. बातमी फुटताच चौदाव्या आर्मीत संतापाची लाट उसळली. शेवटी लीसलाच जावे लागले आणि त्याच्या जागी स्लिम आला. अर्विनची कहाणी पुन्हा घडली!

१९४८ मध्ये निवृत्त होऊन तो ब्रिटिश रेल्वेच्या कारभारात शिरला होता. तेवढ्यात पंतप्रधान ॲटलीने त्याला परत बोलावले आणि ब्रिटिश साम्राज्याच्या सेनादलाचा प्रमुख केले. मावळता प्रमुख माँटगोमेरी याच्या मनात दुसरा माणूस होता. हिंदी सैन्यातला अधिकारी या पदावर प्रथमच बसत होता. जानेवारी १९४९ मध्ये तो फील्ड मार्शल झाला, १९५३ ते १९६० ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल झाला. त्या काळाविषयीही एक नोंद करायला हवी. विलायतेहून नेलेल्या मुलांच्या फेअरब्रिज शेतीशाळेतल्या काहींनी मोठेपणी त्याच्यावर गैरवर्तनाचे आरोप केले. तो हयात नसल्याने ते न्यायालयात तपासले गेले नाहीत. मात्र २०१९ मध्ये कॅनबेरातल्या त्याच्या नावाच्या रस्त्याचे नाव बदलण्याचे ठरले. लंडनमध्ये १९९० साली उभारलेला त्याचा पुतळा जागेवर आहे. दोन्ही गोष्टी वाचकाने शेजारी शेजारी ठेवाव्यात.

१४ डिसेंबर १९७० रोजी स्लिम गेला. १९५६ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ‘डिफीट इन्टु व्हिक्टरी’ हा ग्रंथ आजही जगभरच्या सैनिकी शाळांत वाचला जातो. सेनापतींची आत्मचरित्रे बहुधा विजयाची वर्णने आणि पराभवाच्या सबबी यांनी भरलेली असतात. या ग्रंथाचा पहिला भागच मुळी ‘पराभव’ या नावाचा आहे. तो घाईघाईत उरकलेला नाही. गेलेली ठाणी, चुकलेले अंदाज आणि आपण काय करायला हवे होते हे सारे त्यात सविस्तर आहे. पुढचा विजय खरा वाटतो, तो या पानांमुळे.

आपल्या संस्थांचे वार्षिक अहवाल पाहावेत, निवडणूक हरलेल्या पक्षांच्या चिंतन बैठका पाहाव्यात, की क्रिकेटचा सामना हरल्यावरची पत्रके वाचावीत. तूट सगळीकडे असते, पण ती दुसऱ्याच्या नावावर. घरातही फारसे निराळे नसते. दहावीत मुलाला गुण कमी पडले, तर पेपर कठीण होता, मास्तर बरे नव्हते, तपासनीस खडूस होता. यांतले काही खरेही असेल. स्लिमपाशीही खऱ्या सबबी कमी नव्हत्या. विमाने नव्हती, रस्ते नव्हते, अन्न नव्हते. त्या सगळ्या लिहून झाल्यावर त्याने खाली एक ओळ रिकामी ठेवली आणि तिथे स्वतःचे नाव लिहिले. त्यानंतर त्याने रोजच्या गोळ्या किती माणसांनी घेतल्या, ते मोजायला सुरुवात केली.